सदरातली बायको

सुमतीबाई मुद्दाम शेवटच्या रांगेत बसल्या. नौपाड्यातला हॉल खच्चून भरला होता. स्टेजवर त्यांचे यजमान प्रभाकर, नावाजलेले विनोदी लेखक, आपल्या नव्या पुस्तकातून वाचून दाखवत होते. आयुष्यभर पेपरात लिहिलेल्या सदरांचं पुस्तक. पानोपानी 'आमची ही' आणि तिचा वेंधळेपणा. 'ही' म्हणजे दुसरं कोण, सुमतीबाईच!

इतकी वर्षं बाईंनी ते हसण्यावारी नेलं. पण गेल्या वर्षी या गृहस्थांनी स्वतःच्या सासूच्या दहाव्यालाही सोडलं नाही. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा ही रडत रडत कावळ्यालाच कशी दटावायला लागली, ते साग्रसंगीत छापून आणलं. अख्खी डोंबिवली हसली. बाईंनी त्याच सकाळी बॅग भरली आणि कल्याणला भावाचं घर गाठलं.

स्वतः येऊन 'चुकलं' म्हणतील तरच परत जाईन, असं त्यांनी भावाला बजावलं. वर्ष झालं. ना माणूस आला, ना त्याचा फोन. फोन यायचे ते पुतण्याचे, विनीतचे. ते बाई कट करायच्या. काकाची वकिली पुतण्याने कशाला करायची?

आज मात्र राहवलं नाही. एवढ्या लोकांसमोर तरी एक शब्द बोलतील, मग मुकाट घरी जाऊ, असं ठरवून त्या आल्या होत्या.

आणि प्रभाकरांनी वाचायला घेतलं ते नेमकं कावळ्याचं सदर! त्यांच्या शेजारी बसलेला विनीत पुस्तकातलं पान काढून देत होता. प्रभाकर मध्येच थांबून स्वतःच खो खो हसत होते, जणू पहिल्यांदाच ऐकताहेत. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता माफीबिफी नको. संपलं सगळं, एवढं तोंडावर सांगायचं आणि निघायचं.

कार्यक्रम संपल्यावर त्या पुस्तक घेऊन सहीच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांना पाहून विनीतचा चेहरा पडला. काकू, आधी माझं ऐका, म्हणत तो उठला. बाईंनी हातानेच त्याला गप्प केलं आणि पुस्तक प्रभाकरांपुढे ठेवलं.

प्रभाकरांनी वर पाहिलं. गोड हसले.

"नाव काय लिहू?"

एवढी हिंमत! "सुमती," बाई दातओठ खात म्हणाल्या.

"अरे वा! आमच्या हिचंही नाव सुमती." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आवाज हळू केला. "सकाळीच रागावून कल्याणला भावाकडे गेलीय हो. चुकलंच माझं. आज संध्याकाळी जाऊन घेऊन येतो."