हरभऱ्याची आंब

साखऱ्यात गंगूताईच्या जिभेला सगळं गाव टरकून असायचं. पण एकुलत्या एका लेकीचं, नीलांबरीचं, लग्न जमलं तेव्हा लेकीनंच तिला गळ्याची शपथ घातली, "आई, माझ्या सासरच्यांशी तरी गोड बोल." तेव्हापासून त्या माणसांपुढं गंगूताईनं कधी आवाज चढवला नाही.

वर्षाच्या आत नीलांबरी एकटीच माहेरी आली. "पोट दुखून राहिलं," एवढंच म्हणाली.

पहाटे गंगूताई तिला घेऊन हरभऱ्यात गेली. पोटदुखीला पानांवरच्या आंबेसारखं, त्या आंबट दवासारखं औषध नाही. ओल्या शेंड्यांवरून तिनं धुतलेलं फडकं फिरवलं, वाटीत पिळलं आणि बोट बुडवून चाखलं. नुसतं पाणी, आंबटपणाचा पत्ता नाही.

"परवाच्या अवकाळीनं सगळी आंब धुऊन नेली," ती हळहळली. "आता अळी काही ठेवत न्हाई बघ."

"आंब गेली की अळी काहून येते?"

"तीच तर हरभऱ्याची राखण असते, बाई. आपल्या जिभंला झोंबते, पर ती हाय तवर अळी पानाला तोंड लावायला धजत न्हाई."

नीलांबरीनं त्या हिरव्यागार पानांवरून हात फिरवला. मग तिनं पोटावरचा पदर बाजूला केला. पोट मारानं काळंनिळं पडलं होतं.

गंगूताईनं हातातली वाटी खाली ठेवली.

"आई," लेक म्हणाली, "मी तुला गोड बोलायला काहून सांगितलं गं?"