शेवंतीबाईंची कोंबडी

"ह्या खेपेकय नाय," ओट्यावर टेकता टेकता शेवंतीबाईंनी सांगितलं. "एकय पिल्लू येवक नाय."

दत्तारामने च्यक् च्यक् केलं. वाईट वाटल्याचा चेहरा त्याला आता सरावाने चांगला जमायला लागला होता.

"कोंबडी नीट बसली मां?"

"बसली तर. हलूक नाय जाग्यावरसून. तांबडी आसा, पण स्वभावान गरीब."

मागच्या खेपेला ती काळी होती. पण गावठी कोंबडीला रंग कुठला एक असतो, असं म्हणून दत्तारामने ते सोडून दिलं आणि चहाचं आधण ठेवायला तो आत गेला.

अंगणात त्याच्या बँटम कोंबड्या तूस उकरत होत्या. कोंबडी म्हणायची ती नावाला. तळहातावर मावेल एवढा जीव. कोंबडा कबुतराएवढा, पण छाती काढून असा चालायचा, जणू धामापूरचं तळं ह्याच्याच बापाने खणलंय. वाडीतली माणसं येताजाता चिडवायची, "दत्ताराम, ह्येचो रस्सो केलो तर कांदोच जास्त लागतलो." दत्ताराम हसायचा. निदान त्या निमित्ताने कोणीतरी फाटकाशी थांबायचं.

ही हौस मुळात त्याची नव्हे, बायकोची. त्याचा जन्म मालवणच्या बर्फाच्या कारखान्यात गेला. पहिली जोडी लक्ष्मीने कुठूनशी आणली आणि वाढवली. ही पिल्लं निघतात तेव्हा भुंग्यापेक्षा थोडीच मोठी असतात. ऊब तुटली की संपलीच. एखाद्या पिल्लाला आई नसली, तर लक्ष्मी त्याला पदराआड छातीशी धरून दिवसभर घरात वावरायची, भाकऱ्यासुद्धा तशाच थापायची. ती गेली आणि घरात आवाज उरला तो कोंबड्यांचा. दत्ताराम त्यांच्याशी बोलायचा. पण जेवलास काय, असं कोंबडी काही विचारत नाही.

शेवंतीबाई विचारायच्या. त्या कट्टा गावच्या. नवरा वारलेला, मुलगा केयूर पुण्याला, फोनवर भेटणारा. पहिल्यांदा एसटीतून उतरून आल्या त्या अंडी मागायला. घरी गावठी कोंबडी खुडूक बसलीय, तिच्याखाली ही बारकी अंडी घालते म्हणाल्या. मग चहा झाला, लक्ष्मीचा विषय निघाला, केयूरचा निघाला, आणि परतीची एसटी निघून गेली ते दोघांनाही कळलं नाही. त्या गेल्यावर दत्तारामला घर सकाळपेक्षाही रिकामं वाटलं.

त्या खेपेची अंडी त्याने निवडून दिली होती, ताजी, कोंबड्याच्या संगतीतल्या कोंबडीची. ती का फुटली नाहीत, देव जाणे. पण फुटली नाहीत म्हणून शेवंतीबाई पुन्हा आल्या. पिल्लं झाली असती तर कशाला आल्या असत्या?

दत्तारामला एवढं कळलं आणि तिथेच त्याची बुद्धी फिरली. तेव्हापासून शेवंतीबाईंची अंडी आधी फ्रिजमध्ये मुक्काम करायची. थंडी जीव कसा घेते, हे बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. अंडी तो फुकटच द्यायचा. तेवढीच मनाची समजूत.

आज मात्र शेवंतीबाई चहाची बशी हातात नुसती फिरवत होत्या.

"दत्तारामानू, आता पुरे करूया काय?" त्या म्हणाल्या. "तुमची अंडी माझ्यापायी फुकट जातत. माका बरा वाटना नाय."

दत्तारामने कप खाली ठेवला. ही बाई बिचारी स्वतःला दोष देतेय आणि आपण इथे फ्रिजचं दार उघडझाक करतोय. त्याला आपलीच लाज वाटली.

तो उठून खुराड्याकडे गेला. करडी कोंबडी अंड्यांवर बसली होती, दिवस भरत आलेले. त्याने तिच्याखालचं एक अंडं काढून कानाला लावलं. आतून बारीक टकटक येत होती. ही अंडी दिली तर पिल्लं होणारच. आणि पिल्लं झाली, की ओट्यावर पुन्हा एकाच कपाचा चहा. तो तिथेच बराच वेळ ओणवा राहिला. मग त्याने दोन अंडी कापसात गुंडाळली.

"ही घेवा. आजउद्या फुटतली. घराक गेल्यागेल्या कोंबडीखाली घाला."

"आजच?" शेवंतीबाईंचा चेहरा एकदम उतरला. "नको. ऱ्हवांदे तुमच्याकडेच."

"ह्या खेपेक होतली. माझो शब्द."

एवढ्यांदा निराशा झाल्यावर विश्वास कसा बसणार, असं दत्तारामला वाटलं. त्याने कापूस त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पदराखाली धरला आणि मागे न बघता गेल्या.

त्या रात्री तो जेवला नाही. बरं काम केलं होतं, पण बरं वाटत नव्हतं. दुसरा कप त्याने धुऊन फळीवर पालथा घातला.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी फाटक वाजलं. शेवंतीबाई होत्या. एवढ्या उकाड्यात पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला. ओट्याच्या कडेला बसल्या त्याही अंग चोरून. नजर जमिनीवर.

"ह्या खेपेकय नाय," त्या म्हणाल्या. "एकय पिल्लू येवक नाय."

टकटक दत्तारामने स्वतःच्या कानाने ऐकली होती.

"कोंबडी मधीच उठली काय?"

"नाय ओ. ती खंय जातली? घराकडे अजून बसानच आसा."

आणि तेवढ्यात त्यांच्या पदराआड, अगदी छातीशी, काहीतरी चिवचिवलं.