गुबगुबीत सोफ्याचा विजय

शेवटी गुबगुबीत सोफाच जिंकला. पण ते आपल्याला कळलेलंच नाही असं धरून चालू, कारण या क्षणी नवरा दुकानातल्या एका करड्या, बुटक्या सोफ्यावर बसला होता आणि त्याचे गुडघे कानांना लागायच्या बेतात होते.

"कसा दिसतोय?" त्याने बायकोला विचारलं.

"सोफा की तू?"

"दोघं."

"सोफा छान."

तो हरखला. गेले कित्येक महिने घरातलं बोलणं 'गॅस बंद केलास का' एवढ्यावर आलं होतं. आणि आज सकाळी ती आपणहून म्हणाली, "चल, सोफा बघू." नवा सोफा म्हणजे निदान दहा वर्षांची बोली. वाचलं लग्न! तो दाढी करून निघाला होता.

"बिनधास्त घ्या, सर," विक्रेता म्हणाला. "पसंत नाही पडला तर परत नेतो. कारणसुद्धा विचारत नाही."

पुढचा पांढराशुभ्र, काडीसारख्या पायांचा. त्यावर फक्त मासिकातली माणसं बसू शकली असती. एरवी तिने त्याच्यावर जीव टाकला असता.

"पाठीला कसा वाटतो?" तिने विचारलं.

"शाळेतल्या बाकासारखा."

"मग राहू दे."

इतक्या सहज? त्याच्या पाठीची चौकशी शेवटची कधी झाली होती, हे पाठीलाही आठवत नव्हतं.

मग कोपऱ्यात तो दिसला. मोहरीच्या रंगाचा, गुबगुबीत, जेवून सुस्तावलेल्या मामासारखा. असले सोफे तिला बघवत नसत. नवरा सरळ त्यावर आडवा झाला. पाय पुरले.

"ये ना, तूही बसून बघ."

"तुला बरा वाटतोय ना? झालं तर मग." ती उभीच राहिली. विक्रेत्याकडे वळून म्हणाली, "अरुंद जिन्यातून जाईल ना?"

आपल्याकडे लिफ्ट आहे हेही विसरली! वेंधळी ती वेंधळीच, असं म्हणत तो मनातल्या मनात पुन्हा एकदा तिच्या प्रेमात पडला.

"पत्ता सांगा, ताई."

तिने सांगितला. तो त्यांच्या घराचा नव्हता.

"तुझ्या ऑफिसच्या मागेच आहे," त्याच्याकडे न बघता ती म्हणाली. "खोली लहान आहे, पण ऊन येतं. आणि झोपायला तरी नीट हवं ना तुला."

विक्रेत्याचं पेन मध्येच थांबलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्याने विचारलं, "काही विशेष सूचना, सर?"

तो अजून आडवाच होता.

"लिहा," तो छताकडे बघत म्हणाला. "सोफ्यासोबत आलेला नवरा खोलीस पसंत न पडल्यास, कोणतेही कारण न विचारता त्यास जुन्या पत्त्यावर परत नेण्यात यावे, ही नम्र विनंती."