बेटाचे अकरा फोटो

इंद्रभाननं पत्र्याची पेटी नायब तहसीलदारांच्या टेबलावर ठेवली आणि हात जोडले. "सायेब, सगळं याच्यात हाये. आम्ही तठी बेटावर बारा महिने राहत व्हतो का नाही, ते आता तुमीच पाहा."

टेबल निंबाच्या झाडाखाली मांडलं होतं. समोर बेटावरची बावीस घरं बसली होती. म्हणजे माणसं बसली होती, घरं पूर्णा नदीच्या पुरानं श्रावणातच नेली होती. घरांबरोबर बेटही नेलं. आता तिथे नुसतं पाणी होतं, आणि पाणी कधी कोणाची साक्ष देत नाही.

सरकारचा हुकूम साधा होता. बेटावर ज्याचं घर होतं, त्याला काठावरच्या गायरानात घरापुरती जागा. जो फक्त उन्हाळ्यात डांगर-टरबुजाच्या वाडीपुरता येऊन पाल ठोकत होता, त्याला काही नाही. काठावरचे मोठे शेतकरी रंगराव यांनी जबाब दिला होता की हे लोक वाडीपुरतेच येत. रंगरावांची गुरं त्याच गायरानात चरत, हे मात्र जबाबात नव्हतं. सरकारी नकाशात बेटाच्या जागी नदीच काढलेली होती, कारण एकाही पटवाऱ्याला पाय ओले करायची हौस नव्हती. आणि बेटावरच्यांसाठी बेटावरच्यांची साक्ष कोण धरणार? उरली ही पेटी.

पेटीत अकरा फोटो होते. खामगावचा मोतीराम फोटोवाला चौदा वर्षांपूर्वी नावेतून बेटावर आला होता, तेव्हाचे. पुढे तो प्लेगानं गेला, ज्यांवरून फोटो छापायचा त्या त्याच्या काचा भंगारात गेल्या. जगात उरले ते एवढेच. इंद्रभाननं ते पोटच्या लेकरासारखे जपले होते. मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला, वर जुन्या धोतराचं मऊ फडकं, पावसाळ्यात पेटी चुलीवरच्या आढ्याला टांगलेली. फोटोला हात लावायचा तर आधी हात धुवायचा, मग तो सख्खा भाऊ का असेना. पूर घरात शिरला तेव्हा बायको रुख्मिणी म्हणत होती, जातं राहू द्या, पिठाचा डबा तरी घ्या. त्यानं पेटीच डोक्यावर घेतली. पुढचे चार दिवस दोघांनी काठावर मागून खाल्लं. त्या दिवसापासून रुख्मिणी त्याच्याशी बोलत नव्हती.

आज मात्र त्याची मान ताठ होती. पिठाचा डबा आणला असता तर आज काय दाखवलं असतं?

नायब तहसीलदार नागपूरकडचे, भले गृहस्थ होते. असे फार नसतात. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक फोटो हातात घेतला. एकालाही कसर लागलेली नव्हती. चेहरे कसे काल काढल्यासारखे.

"हे पुष्पाबाई," इंद्रभान बोट न लावता दाखवू लागला. "हा तुळशीराम, हा वारला. हे त्याची वच्छला, नांदुऱ्याले दिली."

"आणि हे मागे काय आहे?"

मागे संगमरवरी पायऱ्या होत्या. खांब होते, वेली होत्या, तळ्यात दोन हंस होते. पुढच्या फोटोतही तेच तळं, तेच हंस. साहेबांनी अकराही फोटो टेबलावर मांडले. अकरा वेळा तोच महाल.

"बेटावर राजवाडा व्हता म्हणा की," रंगराव म्हणाले. "आमाले काठावरून कधी दिसला नाही." साहेबांचा शिपाई तेवढा हसला.

"पडदा हाये, सायेब. फोटोवाल्याचा," इंद्रभान म्हणाला. "तो नाही म्हणत व्हता. म्याच दोन बांबू रोवले अन् लावाले लावला."

"का?"

"आमची पोरगी कोणी करत नव्हतं, सायेब. सोयरे म्हणत, नदीतले लोक, कुडाच्या झोपड्या. म्हटलं, फोटूच दाखवू."

महाल कोणालाच खरा वाटला नव्हता. पण ज्याचा फोटो निघतो तो अगदीच भिकारी नसणार, एवढं सोयऱ्यांनी धरलं. त्या अकरा फोटोंवर सात लग्नं जमली. तेव्हा बेटावरच्यांनी इंद्रभानला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं.

साहेबांनी फोटो गोळा केले. "बाबा, माणसं दिसतात. घर एकही दिसत नाही. ही माणसं कुठेही उभी असतील. पडद्याशिवायचा एखादा नाही का? त्यात घरं दिसली, तर मी आत्ता बावीसही नावं लिहितो."

इंद्रभान पेटीतला पाला नीट लावू लागला. मागून रुख्मिणी उठली. डोक्यावरचा पदर सारखा करून पुढे आली.

"एक व्हता, सायेब. फोटोवाल्यानं सकाळीच काढला व्हता, कोणाले न सांगता. मी जात्यावर बसली व्हती. पोरं उघडेनागडे खेळून राह्यले व्हते. अन् मागे पार मारोतीच्या पारापर्यंत सगळे घरं, एकूण एक. कोणाचं कोणतं, तेही सांगता येत व्हतं."

साहेबांनी टाक दौतीत बुडवला. "कुठे आहे तो?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग बावीसही घरांनी पाहिलं. इंद्रभानला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, कुडाच्या झोपडीचीही नाही.

"म्याच चुलीत घातला," तो म्हणाला. "त्यात आमचे घरं दिसत व्हते."