पलीकडचा पट्टा

सहाव्या केमोची सलाईन सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच उज्ज्वलाला ढवळून आलं आणि ती भडभडून ओकली. आधीच्या पाच वेळी तिला साधी मळमळही झाली नव्हती. स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तिच्या मनगटावर एक पट्टा बांधला होता आणि तसाच दुसरा तिच्या आईच्या. औषध उज्ज्वलाच्या अंगात जायचं आणि त्याचा त्रास तिकडे गावी, आर्वीला, आईच्या अंगात.

दर वेळी घरी पोचल्यावर ती फोन करायची. "आई, फार होतं का गं?"

"मले काई होत नाई वो. जरासं पित्त झालं."

जेवलीस का विचारलं, की आईचा कुठला ना कुठला उपवास निघायचा. उज्ज्वलाला ते खरं वाटायचं, कारण आई जन्मभर उपवासच करत आली होती.

आता तिची हाडं कुणी आतून पिळावीत तशी ठणकत होती. जास्मिन सिस्टरने तिचा पट्टा तपासला.

"हा चालू आहे, ताई. पलीकडून कोणी घेत नाहीये."

"आईने काढून ठेवला असेल."

सिस्टरने मान खाली घातली. "तो काढता येत नाही. अंग गार पडलं, की आपोआप बंद होतो."

उज्ज्वलाने फोन लावला. तिकडे नुसती रिंग वाजत राहिली. तेवढ्यात पुन्हा उमळून आलं.

"ताई, सलाईन थांबवू का?"

"नको," उज्ज्वला म्हणाली. "आईला किती होत होतं, ते मला कळू दे."