उरलेली अर्धी

आईच्या औषधांचा डबा यतीनने पहिल्यांदाच उघडला. पक्षाघाताच्या झटक्यानंतर आजच तिला हॉस्पिटलमधून घरी आणलं होतं, आणि जुन्या गोळ्या टाकून द्यायच्या होत्या. बीपीच्या गोळ्यांच्या स्ट्रिपवर जागोजागी चिकटपट्टी लावलेली दिसली. एक सोलली, तर आत अर्धीच गोळी. दुसरीतही अर्धीच.

त्याची आई, शोभाताई, समोर बसून डाव्या हाताने जेवत होती. उजवा हात मांडीवर नुसता पडला होता. शेजारच्या लाम आजींनी वाफवलेली पालेभाजी दिली होती. लाम आजी हाँगकाँगच्या, आई नाशिकची. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नाही. पण जेवायची रीत एकच. आधी भाजी किती आहे ते बघायचं, आणि त्या बेताने भात घ्यायचा. अमेरिकेतल्या या रेडमंडच्या पावसाळी दुपारी दोघींचं छान जमायचं ते त्यामुळेच.

"आई, तू गोळ्या अर्ध्या करून घेत होतीस?"

तिने मान हलवली. जीभ अजून जड होती, शब्द सावकाश आले. "सहा महिन्यांच्याच आणल्या होत्या. तू माझं परतीचं तिकीट पुढे ढकललंस. म्हटलं, पुरवून घेऊ."

"मला सांगायचं ना, अगं. इथे डॉक्टर नाहीत का?"

"तूच म्हणायचास, इथला डॉक्टर परवडत नाही."

लहानग्या लेकीला, आन्याला, डे-केअरमध्ये घालायचं म्हणजे पगाराला मोठंच खिंडार. त्यापेक्षा आजी आणखी थोडी राहील, असं यतीनने आणि त्याच्या बायकोने, रेणूने, ठरवलं होतं. तेव्हा दोघांना आपल्या शहाणपणाचं कौतुकही वाटलं होतं. गोळ्या पुरतील का, एवढं विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने नव्या बाटलीतली गोळी काढून तिच्या हातावर ठेवली, पाणी दिलं. "आता पूर्ण घ्यायची. बघ, बाटली भरलेली आहे."

आईने बाटलीकडे पाहिलं. मग गोळी दातांत धरून तोडली, अर्धी गिळली आणि उरलेली अर्धी ताटाच्या कडेला ठेवली, मिठाशेजारी.

"राहू दे उद्याला," ती म्हणाली. "आता आन्याला डे-केअरमध्ये घालावं लागेल ना तुला."