टिचकी

उदगीरच्या कॉलेजात दामिनी मॅडम बारावीला इंग्रजीचे अलंकार शिकवत होत्या. आज 'लिटोटीज' होता.

"भरभरून कौतुक करायचं, पण 'चांगलं' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. उलटा शब्द घ्यायचा आणि त्याला 'नाही' जोडायचं."

कुणीतरी उदाहरण मागितलं. मॅडमनी पुस्तक मिटलं.

"आमच्या आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भांड्यांचं दुकान आहे. घागर कितीही सुरेख असू दे, टिचकी मारून बघतात आणि म्हणतात, 'वाईट न्हाई.' बारावीला मी इंग्रजीत कॉलेजात पहिली आले, तर मार्कमेमोलाही टिचकी मारली. म्हणाले, 'वाईट न्हाई.' मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पुढं एम.ए.ला हा अलंकार शिकले, तेव्हा कळलं आप्पा काय म्हणाले होते."

तास संपायला आला, तेव्हा आप्पाच दारात येऊन उभे राहिले. मॅडमचा चष्मा घरी राहिला होता, तो द्यायला आले होते. "आप्पा, तुम्ही?" मॅडम म्हणाल्या.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "आप्पा, आमच्या मॅडम कसं शिकवतात?"

आप्पांनी भरलेला फळा पाहिला, भरलेला वर्ग पाहिला. दाराच्या चौकटीला हळूच टिचकी मारली.

"वाईट न्हाई."

सगळा वर्ग उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. आप्पा गोंधळले.

"कामून टाळ्या वाजवायलेत गं हे?"

मॅडम कितीतरी वेळ चष्माच पुसत होत्या.

"पोरं वाईट न्हाईत, आप्पा."